नवीन जालन्यातली अमेरिका

अमेरिकेची थंडी मला पहिल्यांदा वाजली ती जालन्यात, एमआयडीसीत, ऐन मे महिन्यात. बाहेर डांबर पाघळत होतं आणि आम्ही चौघंजण एका बियाणं कंपनीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये पोत्यांच्या मधोमध स्टुलावर बसलो होतो. अंगात स्वेटर, डोक्याला मफलर. समोर मॅडम उभ्या. सुती साडी, तिच्यावर लोकरीचा लांब कोट आणि पायात कॅनव्हासचे बूट.

"आता आपापलं पूर्ण नाव लिहा," त्या म्हणाल्या.

बोटं अशी आखडली होती की माझं नाव वडिलांपर्यंत आलं आणि आडनाव काही निघेना. मॅडम एकदम खूश झाल्या. "बघितलं? एक जाड स्वेटर काही कामाचा न्हाई. पातळ तीन घाला, एकावर एक. तिथं घरात, वर्गात ऊब असते, आत गेलं की काढता येतात. आणि मोजे सुती बिलकुल घ्यायचे न्हाई, लोकरीचे घ्या. पाय गार पडले की माणसाला लई घर आठवतं."

बाहेर आलो तर गेटवर टेम्पोत बसलेली माणसं आमच्याकडे बघून पोट धरून हसायला लागली. त्यातल्या एकाने विचारलंच, "काय मॅडम, कुठं निघाली वरात?"

"अमेरिकेला," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी शांतपणे स्कुटीला किक मारली.

तर या आमच्या मॅडम. बाजरीच्या बियाण्यावर आयुष्यभर काम करून निवृत्त झालेल्या. तरुणपणी अमेरिकेत शिकल्या आणि शिकून झाल्यावर थेट जालन्याला परत आल्या. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "राहून गेलं." नवीन जालन्यात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका अडत दुकानाच्या वर त्यांचं घर. जिल्ह्यातलं कुणीही पोरगं अमेरिकेला शिकायला निघालं की कुणीतरी त्याला सांगायचंच, आधी मॅडमकडे जाऊन ये. बोर्ड नाही, फी नाही, वेळापत्रक नाही. पोरं त्याला 'तयारी' म्हणायची. काही पोरं पहिल्याच दिवशी पळून जायची, तेही खरं.

मी वाटूरची. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी. आमच्या भिंतीवर अमेरिकेत शिकून आलेल्या एका माणसाचा फोटो आहे, निळ्या कोटातला. कुणाचा ते सांगायला नको. त्यामुळे शिकायला आमच्या घरात कधीच कुणी आडकाठी केली नाही. कृषी महाविद्यालयातून बाहेर पडले आणि अर्ज केला, तर तिकडच्या एका विद्यापीठाचा प्रवेशही मिळाला. पण खरं घोडं पुढेच अडलं होतं. ज्वारीवर काम करणारे तिथले एक प्राध्यापक मला आपल्या प्रयोगशाळेत घेतील तरच फी माफ होणार होती आणि पोटापुरतं मिळणार होतं. त्यांनी घेतलं तर अमेरिका, नाही घेतलं तर वाटूर. मधलं काही नव्हतं. ते व्हिडिओवर माझ्याशी बोलणार होते, आणि त्या बोलण्यासाठी बाबांनी मला मॅडमपुढे नेऊन उभं केलं.

पहिल्या भेटीतच बाबांची फजिती झाली. मॅडमनी विचारलं, "चहा?" बाबा म्हणाले, "नको नको, कशाला त्रास." आता आपल्याकडे यापुढे काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. घरधनीण म्हणते असं कसं, पाहुणा म्हणतो खरंच नको, ती आत जाते आणि चहा येतो. मॅडम आत गेल्या आणि एकच कप घेऊन आल्या. वर पोह्यांची एकच बशी. आमच्यासमोर बसून चवीने खाल्लं. बाबा आपले छताचा पंखा बघत बसले.

जाताना मॅडम म्हणाल्या, "गुरुजी, राग मानू नका. तिथं एकदाच इचारतात. हो तर हो, न्हाई तर न्हाई. पोरीला सवय लागू द्या."

बाबा जिना उतरताना पुटपुटले, "पोरीला लावा की सवय. मला उपाशी कशाला ठेवलं?"

मॅडमच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या वर छताला एक पांढरी चकती चिकटवलेली होती. धूर झाला की ती बोंबलायची. तिकडे घराघरात असते म्हणे, आणि ती वाजली की अख्खी इमारत रस्त्यावर येऊन उभी राहते. आपली फोडणी ती फोडणी! मोहरी तडतडली, मिरची पडली की चकतीने गळा काढलाच. मॅडम खुर्चीवर चढून ती बंद करायच्या आणि म्हणायच्या, "परत." मंद आचेवर, खिडकी उघडून, झाकण हाताशी ठेवून वरणाला फोडणी देता आली की त्या माणसाची स्वयंपाकातली तयारी झाली. खालचे अडतवाले तर चकती वाजली की वर बघून म्हणायचे, "आला वाटतं कुणाचा तरी व्हिसा."

व्हिसाचीही तालीम व्हायची. मॅडम स्वयंपाकघरात खिडकीच्या गजांमागे बसायच्या आणि आपण बाहेर गॅलरीत उभं राहायचं. परतूरचा एक मुलगा होता, त्याला विचारलं, "काय शिकायला चाललास?" त्याने बालवाडीपासून सुरुवात केली. मॅडमनी खिडकीच लावून घेतली. परत उघडली तेव्हा म्हणाल्या, "जे इचारलं तेवढंच सांग. थोडं बोल आन खरं बोल. पाठ केलेलं त्यांना लगेच कळतं. त्यांचं रोजचंच काम आहे ते."

खरं बोल, हे त्यांचं लाडकं. स्वतःही कधी खोटं बोलायच्या नाहीत, अगदी शेजारणीने नवी साडी दाखवली तरी. त्यामुळे शेजारणी त्यांना साड्या दाखवायच्या बंद झाल्या होत्या.

सामानाचा दिवस तर बघण्यासारखा असायचा. निघणाऱ्याने आपली भरलेली बॅग मॅडमकडे आणायची आणि सगळ्यांसमोर उघडायची. मामीचे पापड, काकूचा काळा मसाला, कुणी तर चक्क पाटा दिलेला. मॅडम एकेक वस्तू बाजूला काढायच्या. "तूरडाळ तिथं मिळते. पापड मिळतो. कुकर ने, आन रबर दोन जास्तीचे ने, ते सापडता सापडत न्हाईत. औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीसकट ने. कागद कुठायत?" मोठ्या बॅगेत तळाशी, असं कुणी म्हटलं की संपलंच. विद्यापीठाचे कागद, पासपोर्ट, लशीचा दाखला, हे सगळं हातातल्या पिशवीत पाहिजे आणि ती पिशवी झोपेतसुद्धा सोडायची नाही. त्या परतूरच्या मुलाच्या आज्जीने त्याच्या शर्टाच्या खिशात मेथीचं बी बांधून दिलं होतं, तिथं कुंडीत लावायला. ते बघून मॅडमचा चेहरा असा झाला की जणू पिस्तूल सापडलं. "आयुष्यभर बियाण्यात काढलं मी, मला सांगू नको बी काय असतं ते. विमानतळावर हे निघालं तर तुला तासभर बसवून ठेवतील. बी एकपण न्यायचं न्हाई." मग पुडी स्वतःच्या गॅलरीतल्या कुंडीत ओतली. त्या आज्जीची मेथी मॅडमनी नंतर कितीतरी दिवस खाल्ली.

सगळ्यात अवघड काय असेल तर नाव. तिकडे प्राध्यापक म्हणतात, मला नावाने हाक मार. आपल्या पोरांच्या जिभेला गाठ पडते. म्हणून आठवड्यातला एक दिवस मॅडमना त्यांच्या पहिल्या नावाने हाक मारायची, नुसत्या नावाने, पुढे ताई नाही, मागे मॅडम नाही. एका मुलाने कशीबशी हाक मारली आणि लगेच वाकून त्यांच्या पाया पडला. मी ते नाव इथंही लिहीत नाही. उगाच कशाला!

पण माझा खरा छळ व्हायचा तो निघताना. मॅडमचा नियम असा की दिवसभरात त्यांचं काय चुकलं ते एक सांगायचं, मगच चप्पल घालायची. बाकीची पोरं हुशार. कुणी म्हणायचं मॅडम तुमची अमेरिका जुनी झाली, आता सगळं फोनवर होतं. कुणी म्हणायचं तुम्ही आम्हाला बोलूच देत नाही. मॅडमना भारी आनंद व्हायचा. माझी पाळी आली की मी म्हणायची, "नाही मॅडम, सगळं बरोबर होतं."

"मंग बस."

एकदा अशीच बसले. संध्याकाळ होत आली, वाटूरला जाणारी बस सुटायची वेळ झाली. मॅडम पेपर वाचत होत्या, माझ्याकडे बघतही नव्हत्या. मला रडू यायला लागलं आणि रडण्याच्या नादात निघून गेलं, "मॅडम, तुमच्या पोह्यात कधीच मीठ नसतं."

मॅडमनी पेपर खाली ठेवला. "शाब्बास! पळ आता."

मी तरी काय करणार? आमच्या घरात मत ही बाबांची वस्तू होती. बाबा रागीट नव्हते हो, उलट फार मायाळू. मी मागायच्या आधीच सगळं आणून द्यायचे. कोणती शाळा, कोणतं कॉलेज, कोणत्या रंगाची सायकल, सगळं. आई, मी, आम्ही दोघी एकच म्हणायचो, तुम्ही म्हणाल तसं. ते म्हणण्यात मला काही कमीपणाही वाटायचा नाही. मोठ्यांशी बोलायची ती रीतच होती, तीच मी शिकले होते.

आणि नेमकी त्या रीतीनेच माझी वाट लावली.

व्हिडिओचा दिवस आला. वाटूरला नेटचा भरवसा नाही म्हणून मॅडमच्या घरून बोलायचं ठरलं. इथली संध्याकाळ, तिथली सकाळ. मॅडम स्वयंपाकघरात गेल्या आणि दार लोटून घेतलं. पडद्यावर प्राध्यापक आले. हसरा माणूस, टक्कल, मागे भिंतीला सायकल टांगलेली. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, माझ्याकडे ज्वारीची दोन कामं आहेत. एक पाण्याच्या ताणावर. दुसरं, काढणीच्या वेळी पाऊस आला की दाणे काळे पडतात, त्यावर. तुला कोणतं आवडेल?

मी म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं, सर."

ते हसले. नाही, तुला काय वाटतं?

"तुम्हाला योग्य वाटेल ते, सर."

मग त्यांनी विचारलं, माझा लेख वाचलास ना? त्यात तुला काही वेगळं करावंसं वाटलं? मी मान हलवून म्हणाले, "नाही सर, सगळं बरोबर आहे. फार छान आहे." आणखी काही मुलांशी बोलायचंय, कळवतो, असं ते म्हणाले आणि गेले.

मी इतकी खूश! मनात म्हटलं, किती आदराने बोलले मी, एक शब्द वावगा गेला नाही. तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि हातात उलथनं घेऊन मॅडम बाहेर आल्या.

"संपलं," त्या म्हणाल्या.

"काय, मॅडम?"

"तुझी अमेरिका. अगं, तो माणूस तुला तीनतीनदा इचारून राह्यला, तुझं डोकं चालतं का म्हणून. आन तू त्याला सांगून राह्यली, माझं डोकं तुमच्यापाशीच ठेवून घ्या."

मी तिथंच फरशीवर बसून भोकाड पसरलं. मॅडमनी समजूत काढली नाही की पाठीवरून हात फिरवला नाही. पाण्याचा तांब्या ठेवला आणि म्हणाल्या, "रडून झालं की सांग, त्याच्या लेखात काय चुकलं ते."

"ते एवढे मोठे आहेत मॅडम, त्यांचं काय चुकणार!"

"माझ्या पोह्यात मीठ न्हाई म्हणतेस, मी काय लहान आहे व्हय?"

आता मला त्यांचाच राग आला. त्यांचा, त्या टकलूचा, सगळ्यांचा. मी जवळजवळ ओरडलेच, "त्यांना काय जातंय लिहायला! म्हणे पाऊस यायच्या आधी शेतकऱ्याने ज्वारी काढून घ्यावी. काढणार कोण? तेव्हाच सोयाबीन काढायला आलेलं असतं. अख्ख्या गावात माणूस मिळत नाही. सोयाबीनचे पैसे लगेच होतात, मग ज्वारी राहते उभी आणि पडते काळी. दर वर्षी बघते मी. मग ती जनावराला घालतात, नाहीतर तसलीच भाकरी खातात."

मॅडम उलथनं खाली ठेवून माझ्यासमोर बसल्या. "हे त्याला का न्हाई सांगितलं?"

"बरं दिसलं नसतं."

"लिही त्याला. आत्ताच्या आत्ता."

मी लिहिलं. मॅडमनी वाचलं आणि म्हणाल्या, "सॉरी तीनदा लिहिलंय, खोड. किती आभार मानतेस, एक ठेव. आणि शेवटी इचार, दहा मिनिटं परत देता का." सगळं खोडल्यावर उरलं ते जेमतेम पाच-सहा ओळींचं. मला ते फार उद्धट वाटलं. मॅडमना बरोबर वाटलं.

उत्तर आलं. उद्या याच वेळेला बोलू.

दुसऱ्या दिवशी मात्र मी बोलले. म्हणाले, मला काळ्या पडणाऱ्या दाण्याचं काम पाहिजे, आणि तुमच्या लेखातलं ते वाक्य आमच्या गावात चालणार नाही. का चालणार नाही ते सांगितलं. ते पुढे सरकून बसले. मग काय करायला पाहिजे, विचारलं. मी म्हणाले, ते मला माहीत नाही, तेच शोधायचंय. आणि नेमकं तेव्हाच स्वयंपाकघरातली चकती बोंबलायला लागली. ती आयुष्यात पहिल्यांदा मॅडमच्या स्वतःच्या फोडणीने वाजली. दाराला कान लावून उभ्या होत्या आणि कढईतली मोहरी जळून कोळसा झाली होती. प्राध्यापक घाबरून उभेच राहिले, आग लागली का? मी म्हटलं, नाही, माझ्या मॅडम स्वयंपाक करतायत. ते एवढे हसले की विचारू नका. दहा मिनिटांचा तास झाला, आणि शेवटी ते म्हणाले, ये.

मी किंचाळतच स्वयंपाकघरात गेले. मॅडम खुर्चीवर चढून टॉवेलने धूर हाकत होत्या, डोळे लालभडक. "धुरानं," त्या म्हणाल्या. धूर होताच भरपूर, म्हणून मी काही विचारलं नाही.

वाटूरला ही बातमी पोचली तेव्हा लोक बाबांना पेढे मागायला लागले. बाबा म्हणायचे, "बघू." जेवताना गप्प, शाळेतून आल्यावर गप्प. आई म्हणाली, पोरीचं जायचं ठरलं तसं यांचं जेवण तुटलं. एके रविवारी त्यांनी मोटारसायकल काढली, मला मागे बसवलं आणि थेट मॅडमच्या घरी आणलं.

"मॅडम," बाबा टोपी हातात घेऊन म्हणाले, "एकुलती एक पोरगी आहे. तिथं तिला कुणी न्हाई. मला दोन्हीकडून कळतंय आन काहीच कळंना. पाठवू का ठेवून घेऊ? तुम्ही म्हणाल तसं करतो."

माझा जीव भांड्यात पडला. मॅडमकडे मत नाही अशी गोष्ट दुनियेत नव्हती. भेंडीपासून राष्ट्राध्यक्षापर्यंत सगळ्यावर त्यांचं मत तयार असायचं. पण मॅडम खिडकीबाहेर बघत राहिल्या.

"मला इचारू नका, गुरुजी."

"असं कसं? तुम्हीच तर तयारी करून घेतली तिची."

"मला इचारू नका," त्या परत म्हणाल्या. "पोरगी समोर बसलीय. तिला इचारा."

बाबा माझ्याकडे वळले. मग चाचरत, नवीन भाषा बोलावी तसं म्हणाले, "तुला काय वाटतं गं?"

बाबांनी मला असं आजवर कधीच विचारलं नव्हतं. तुम्ही म्हणाल तसं, हे अगदी दातांपर्यंत आलं. मला ठाऊक होतं, मी तसं म्हटलं असतं तर ते मायेनेच म्हणाले असते राहा, आणि मी मायेनेच राहिले असते.

"मला जायचंय, बाबा."

"एकटी राहशील?"

"भीती वाटते. पण राहीन. मला जायचंय."

बाबांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला. "मंग जा," ते म्हणाले. "जायचंय म्हणतेस तर मंग जायलाच पाहिजे." आणि गाडी वळवून ठेवतो असं काहीतरी सांगत घाईघाईने जिना उतरले. रडायचं असलं की ते असंच काहीतरी काम काढतात.

मी मागे राहिले. मॅडम कप गोळा करत होत्या, माझ्याकडे पाठ करून. मला राहवेना. "मॅडम, तुमच्या एका शब्दाने काम झालं असतं. बाबा तुमच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतात. मग तुम्ही का नाही सांगितलं?"

"मला खोटं बोलता येत न्हाई. म्हाईत आहे ना तुला?"

"मग?"

"मंग काय? त्यांनी इचारलं, पाठवू का." त्या एक कप उगाच दोनदा पुसत होत्या. "खरं सांगायचं म्हणलं असतं तर मी म्हणले असते, नका पाठवू. एवढी पोरं गेली इथून, एकाच्याही वेळी मला असं झालं न्हाई. तू बसायचीस इथं, संध्याकाळ संध्याकाळ, तोंड शिवून. घरात कुणीतरी आहे असं वाटायचं."

मी त्यांच्या जवळ गेले तसा त्यांनी कप धरलेला हात आडवा केला.

"बस झालं. जा जल्दी," त्या म्हणाल्या. "तुझा बाप खाली कवाचा हॉर्न वाजवून राह्यलाय."

मी ऐकलं. रस्त्यावर रविवारची दुपार होती, दुकानं बंद, सगळं चिडीचूप. खाली कुणीच हॉर्न वाजवत नव्हतं.